खराटा आणि टाळ : गाडगेबाबांच्या कीर्तनातील शौचविचार

भारतीय धर्मविचारात शौच या गुणाला फार वरचे स्थान आहे. शौच म्हणजे शुचिता, अर्थात शरीराची, मनाची आणि आचरणाची निर्मळता. पतंजलीने योगसूत्रांत सांगितलेल्या पाच नियमांपैकी तो पहिला नियम आहे, भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात तो ज्ञानाच्या लक्षणांत मोजला आहे, सोळाव्यात दैवी संपत्तीत, आणि त्या तेराव्या अध्यायाचे निरूपण करताना ज्ञानेश्वरांनी शुचित्वाला कापराची उपमा दिली आहे, कारण कापूर आतून आणि बाहेरून सारखाच निर्मळ असतो. ही परंपरा मोठी आहे आणि सुंदरही आहे. परंतु स्वच्छ असणे आणि स्वच्छ करणे यांचे परस्परांशी नाते काय, हा प्रश्न तिच्यात जवळजवळ अनुत्तरित राहिला. शुचिर्भूत माणूस ज्या जमिनीवर आसन घालतो ती कोणी झाडली, त्याचे वस्त्र कोणी धुतले, त्याच्या गोठ्यातले मेलेले जनावर कोणी ओढून नेले, याचा हिशेब शौचाच्या व्याख्येत येत नाही. गीतेच्याच अठराव्या अध्यायात शौच हे ब्राह्मणाच्या स्वभावजन्य कर्मांत गणले आहे आणि परिचर्या, म्हणजे इतरांची सेवा, शूद्राच्या वाट्याला दिली आहे. निर्मळपणाचे श्रेय एकाकडे आणि निर्मळ करण्याचे कष्ट दुसऱ्याकडे, अशी ही वाटणी आहे.

या वाटणीचे घरोघरी दिसणारे रूप म्हणजे सोवळे-ओवळे. सोवळे ही विधीने प्राप्त होणारी आणि स्पर्शाने नष्ट होणारी अवस्था आहे. तिचा प्रत्यक्ष घाणीशी संबंध असेलच असे नाही, कारण मळके पण सोवळ्यातले धोतर चालते आणि धुतलेले पण शिवलेले धोतर चालत नाही. मेरी डग्लस या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 1966 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात घाण ही वस्तूच्या अंगभूत गुणापेक्षा तिच्या स्थानावर अवलंबून असते, समाजाने आखलेल्या मांडणीत जी वस्तू आपली जागा सोडते तिला घाण म्हटले जाते, असा विचार मांडला. भारतीय जातिव्यवस्थेने याच्याही पुढचे पाऊल टाकले, कारण तिने घाणीबरोबर घाण उचलणाऱ्या माणसालाही एक जागा नेमून दिली आणि ती गावकुसाबाहेर ठेवली. जो घाण दूर करतो तोच घाण ठरतो, आणि जो ती करून निघून जातो तो पवित्र राहतो, हा तर्काचा विपर्यास शेकडो वर्षे धर्म म्हणून पाळला गेला, ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी तिची भीषणता कमी होत नाही.

गाडगेबाबांचे आयुष्य या प्रश्नाच्या संदर्भात वाचले तरच त्याचा तात्त्विक अर्थ नीट उलगडतो. डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. परीट म्हणजे गावाचे कपडे धुणारी जात. सुतकाचे, विटाळाचे, आजाऱ्याच्या अंथरुणाचे कपडे धुऊन इतरांना शुद्ध करणे हे तिचे परंपरागत काम, आणि असे असूनही शुद्धतेच्या उतरंडीत तिचे स्थान खालचे. वडील दारूच्या व्यसनात अकाली गेले, डेबूजी दापुरे येथे मामाकडे गुरे राखत आणि शेती करत वाढले, मामाची जमीन सावकाराच्या घशात गेलेली त्यांनी पाहिली, आणि 1905 च्या फेब्रुवारीत त्यांनी घर सोडले. पुढे बारा वर्षे ते फिरत राहिले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात खराटा आणि फुटके गाडगे, जे पाणी पिण्याचे, भाकरी खाण्याचे आणि प्रसंगी डोक्यावर घालण्याचे एकच पात्र होते. या गाडग्यावरूनच लोकांनी त्यांना नाव दिले. त्यांनी कोणाकडून दीक्षा घेतली नाही, त्यांनी स्वतः कोणाला शिष्य म्हणून स्वीकारले नाही, आणि पायावर डोके ठेवू पाहणाऱ्यांना ते दूर सारत. या चरित्राचे बाह्य तपशील प्रबोधनकार ठाकरे आणि गो. नी. दांडेकर यांच्या चरित्रग्रंथांमुळे मराठी वाचकाला परिचित आहेत, म्हणून त्यांचा अधिक विस्तार येथे आवश्यक नाही. मात्र एका गोष्टीकडे चरित्रकारांपेक्षा अधिक थांबून पाहिले पाहिजे, ती म्हणजे त्यांच्या दिवसाची रचना.

बाबा एखाद्या गावात आले की प्रथम गाव झाडू लागत. पाणवठा, चावडी, देवळासमोरची जागा, गटार, उकिरड्याची वाट, जेथे घाण असेल तेथे हा अनोळखी, फाटका माणूस कोणालाही न विचारता खराटा चालवी, आणि संध्याकाळी त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन असल्याचे गावाला कळे. हे सामान्यतः असे सांगितले जाते की बाबा दिवसा स्वच्छता करत आणि रात्री कीर्तन करत, जणू ही दोन वेगळी कामे होती, एक समाजसेवा आणि दुसरी भक्ती. हे वर्णन चुकीचे नसले तरी अपुरे आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात नाटकाच्या आरंभापूर्वी रंगभूमीवर जे विधी करायचे असतात त्यांना पूर्वरंग म्हटले आहे. मराठीतील नारदीय कीर्तनात हाच शब्द कीर्तनाच्या पहिल्या भागासाठी रूढ झाला, ज्यात कीर्तनकार एखाद्या अभंगाच्या किंवा पदाच्या आधारे सिद्धान्ताचे निरूपण करतो, आणि त्यानंतरच्या उत्तररंगात कथा सांगून तो सिद्धान्त पटवतो. गाडगेबाबांच्या कीर्तनाचा पूर्वरंग खराट्याने होत असे. सिद्धान्त दिवसभर शब्दांवाचून मांडला जाई, रात्री केवळ त्याचे आख्यान होई, आणि ज्याने दिवसा ती मांडणी पाहिली नाही त्याला रात्रीचे आख्यान अर्धेच कळे. खराटा ही कीर्तनाची तयारी नव्हती, तो कीर्तनाचा पहिला अर्धा भाग होता, हे मान्य केले की त्यांच्या धर्मविचाराचे पुढचे सारे प्रश्न वेगळ्या रीतीने मांडावे लागतात.

झाडणे हा उपासनेचा प्रकार मानण्याला आधार नव्हता असे नाही. भागवताच्या अकराव्या स्कंधात, ज्यावर एकनाथांनी मराठीत विस्तृत टीका लिहिली, देवाच्या सेवेत संमार्जन आणि उपलेपन, म्हणजे मंदिर झाडणे आणि सारवणे, यांचा उल्लेख येतो. तमिळ शैव परंपरेत सातव्या शतकातील अप्पर या संतकवीची मूर्ती हातात गवत खुरपण्याचे अवजार घेतलेली दाखवतात, कारण शिवमंदिरांची आवारे साफ करणे हीच त्याची उपासना होती आणि ती करता करता तो पदे गाई. पुरीच्या रथयात्रेत गजपती राजा सोन्याच्या मुठीचा झाडू घेऊन जगन्नाथाचा रथ झाडतो. राजाही देवापुढे सेवकच आहे हे त्या विधीतून सुचवायचे असते. मराठी संतपरंपरेत जनाबाईबरोबर विठ्ठलाने केर भरल्याची कथा तर घरोघरी माहीत आहे. परंतु या सर्व उदाहरणांत झाडणारा देवाच्या जागेसाठी झाडतो, किंवा जनाबाईच्या कथेप्रमाणे देव भक्ताच्या प्रेमापोटी झाडतो. झाडण्याला पावित्र्य येते ते देवाच्या सान्निध्यामुळे. गाडगेबाबांनी हा क्रम उलटा केला. त्यांनी मंदिराच्या आवाराबाहेरची जागा झाडली, पंढरपुरात यात्रेकरूंनी घाण केलेले वाळवंट झाडले, आणि मंदिरात दर्शनाला जाण्याची ओढ दाखवली नाही. जागा देवाची आहे म्हणून ती झाडायची असे नसून माणसांनी ती झाडली म्हणून ती देवाला राहण्याजोगी होते, असा हा विचार आहे, आणि तो भागवतातील संमार्जनाच्या कल्पनेचा विस्तार म्हणून मांडता येत असला तरी परिणामांच्या दृष्टीने तो एक वेगळाच सिद्धान्त आहे.

त्याचे वेगळेपण पतंजलीशी तुलना केल्यास अधिक स्पष्ट होते. योगसूत्रांत शौचाचे जे फळ सांगितले आहे ते असे की शौचाच्या अभ्यासाने साधकाला स्वतःच्या शरीराविषयी जुगुप्सा उत्पन्न होते आणि इतरांच्या संसर्गाची इच्छा राहत नाही. योग्याच्या एकान्तसाधनेच्या चौकटीत या सूत्राचा अर्थ वैराग्यपर आहे आणि तो समजून घेतला पाहिजे. पतंजली अस्पृश्यतेचे समर्थन करत नव्हता. तरीही शुचितेची परिणती असंसर्गात, म्हणजे स्पर्श टाळण्यात होते, ही कल्पना एकदा समाजात उतरली की तिचे काय होते हे आपल्या गावांच्या रचनेत दिसते. गाडगेबाबांचे शौच नेमके विरुद्ध दिशेने जाते. ते घाणीला हात लावण्यापासून सुरू होते, उकिरड्याजवळ, महारोग्याजवळ, गावकुसाबाहेरच्या वस्तीजवळ जाते, आणि त्याचे फळ संसर्ग हेच आहे. निर्मळ होण्यासाठी दूर जावे लागत नाही, जवळ यावे लागते, असे मानणारे शौच भारतीय तत्त्वज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत अद्याप स्वतंत्र नोंद म्हणून आलेले नाही, आणि ती त्या पाठ्यपुस्तकांची उणीव आहे.

शौचाच्या आणखी एका अंगाचा येथे उल्लेख केला पाहिजे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात सर्व शुद्धींमध्ये अर्थशुद्धी, म्हणजे पैशाच्या व्यवहारातील शुचिता, श्रेष्ठ मानली आहे. ज्या ग्रंथाने शूद्राला धनसंचयाचा अधिकारच नाकारला त्याच ग्रंथातील हा निकष एका परिटाच्या मुलाने आयुष्यभर पाळून दाखवला. कीर्तनातून आलेला पैसा नाशिक, पंढरपूर, देहू, आळंदी, मुंबई येथील धर्मशाळांना, अन्नछत्रांना, शाळांना आणि गोरक्षणाला गेला; त्या संस्थांवर आपल्या कुटुंबीयांनी जगू नये असा त्यांचा कटाक्ष होता, आणि ज्याने इतरांसाठी दगडी इमारती उभ्या केल्या तो स्वतः झाडाखाली किंवा खोपटात राहिला.

आता कलेचा प्रश्न. कीर्तन हे संगीत, वक्तृत्व, अभिनय आणि कथाकथन यांचे मिश्रण असलेली, नामदेवांपासून महाराष्ट्रात वाढलेली प्रयोगकला आहे. म्हणजे ती लिहून ठेवण्यापेक्षा श्रोत्यांसमोर घडवण्याची कला आहे. गाडगेबाबांना अक्षरओळख नव्हती, पण तुकारामांचे अभंग त्यांना मुखोद्गत होते, आणि देवकीनंदन गोपालाच्या गजराने भारलेले त्यांचे कीर्तन वऱ्हाडी बोलीत, श्रोत्यांना एकामागून एक सोपे प्रश्न विचारत पुढे जाई. देव कोठे राहतो, त्याला अंघोळ कोण घालते, त्याच्यापुढच्या नैवेद्याचे रक्षण कोण करते, अशा प्रश्नांना सगळा जमाव एका सुरात उत्तर देई, आणि काही वेळाने आपल्याच उत्तरांनी आपण कोंडीत सापडलो आहोत हे त्याच्या ध्यानी येई. या पद्धतीची तुलना सॉक्रेटिसाशी केली जाते, पण सॉक्रेटिसाचे संवाद प्रामुख्याने अथेन्समधील मोकळा वेळ असलेल्या नागरिकांशी झाले. येथे दिवसभर शेतात राबून आलेले हजारो निरक्षर स्त्री-पुरुष एकाच वेळी संवादात सहभागी होत होते, ही गोष्ट तत्त्वज्ञानाच्या इतिहासात अधिक दुर्मीळ आहे. आचार्य अत्रे यांनी बाबांचे खरे दर्शन कीर्तनातच घडते असे जे म्हटले त्याचा आशय हाच असावा. 1956 च्या नोव्हेंबरात मुंबईत वांद्रे येथील पोलीस ठाण्यात झालेल्या बाबांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण आज ऐकता येते, आणि या कलेचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने ग्रंथांच्या आधी ते ऐकावे.

या कीर्तनात कोणता रस होता, असा प्रश्न साहित्यशास्त्राच्या भाषेत विचारला तर हास्य आणि करुण ही उत्तरे सहज सुचतात. त्यांच्याहून महत्त्वाचा मात्र एक संचारी भाव आहे. संचारी भाव म्हणजे मुख्य भावाला पोसण्यासाठी येऊन जाणारे तात्पुरते भाव. भरताने सांगितलेल्या अशा तेहेतीस भावांत व्रीडा, म्हणजे लाज, हा एक आहे. संस्कृत नाटकात व्रीडा बहुधा नायिकेच्या वाट्याला येते. गाडगेबाबांनी ती गावाच्या वाट्याला दिली. आपली घाण एक म्हातारा परका माणूस उचलतो आहे हे पाहताना गावाला जी लाज वाटे ती रात्रीच्या कीर्तनात हसण्यातून मोकळी होई, आणि दुसऱ्या दिवशी काही हातांत खराटा दिसे. येथे रससिद्धान्तापुढे एक खरी अडचण उभी राहते. अभिनवगुप्ताच्या मते रसास्वादात प्रेक्षक साधारणीकरणामुळे, म्हणजे भाव व्यक्तिगत न राहता सर्वांचा होण्यामुळे, आपल्या खासगी हितसंबंधांतून आणि कृतीच्या ओढीतून काही काळ मुक्त होतो. जी कला प्रेक्षकाला कृतीकडे परत ढकलते ती मग कला राहते की प्रचार होते? मराठीत ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावांशी जोडला गेलेला कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा वाद याच अडचणीभोवती फिरला, परंतु त्याची मांडणी प्रामुख्याने कथा-कादंबरीच्या आधारे झाल्यामुळे त्याला कीर्तनाचा फारसा उपयोग झाला नाही. अकराव्या शतकातील मम्मटाने काव्यप्रकाशात काव्याची जी प्रयोजने सांगितली त्यांत एक शिवेतरक्षती आहे, म्हणजे जे अमंगल आहे त्याचा नाश. टीकाकारांनी त्याचे उदाहरण म्हणून स्तोत्र रचून रोगमुक्त झालेल्या कवीची कथा दिली. अमंगलाचा नाश हे कलेचे प्रयोजन मानणारी परंपरा जर आपलीच असेल, तर पटकीला कारण होणारी घाण झाडून काढणारी कला ही कलेच्या व्याख्येबाहेरची ठरवण्याचे कारण उरत नाही.

पाश्चात्त्य कलाजगताला हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पडला. समाजाची घडण हेच शिल्प आहे असे मानणाऱ्या जोसेफ बॉइस या जर्मन कलावंताने 1 मे 1972 रोजी पश्चिम बर्लिनमध्ये कामगारदिनाच्या मिरवणुकीनंतरचा चौक लाल झाडूने झाडला, आणि पुढे कासेल शहरात 7000 ओक वृक्ष लावण्याचा प्रकल्प 1982 मध्ये सुरू केला, जो त्याच्या मृत्यूनंतर 1987 मध्ये पूर्ण झाला. न्यूयॉर्कच्या मिअर्ल लॅडरमन यूकलीस यांनी 1969 मध्ये देखभालीचे काम हीच कला असल्याचा जाहीरनामा लिहिला आणि 1979 ते 1980 या काळात त्या शहराच्या सुमारे 8500 सफाई कामगारांशी एकेक करून हस्तांदोलन करून त्यांचे आभार मानले. ही कामे आदरास पात्र आहेत, विशेषतः यूकलीस यांचे, कारण त्यांनी घाणीकडे न पाहता घाण उचलणाऱ्या माणसाकडे पाहिले. तथापि बॉइसने बर्लिनच्या चौकात गोळा केलेला कचरा कलादालनात काचेआड ठेवला गेला आणि गाडगेबाबांनी गोळा केलेला कचरा गावाबाहेर गेला. कलाकृती मागे उरली पाहिजे ही अपेक्षा एका ठिकाणी होती, दुसऱ्या ठिकाणी काहीही मागे न उरणे हेच कृतीचे पूर्णत्व होते.

पर्यावरण हा शब्द गाडगेबाबांच्या तोंडी नव्हता, पण तीर्थक्षेत्राचे पाणी हा त्यांच्या चिंतनाचा प्रत्यक्ष विषय होता. तीर्थ या शब्दाचा मूळ अर्थ नदी उतरून जाण्याची जागा, म्हणजे पार करून देणारा घाट. जे पाणी पापाचे क्षालन करते असे मानले जाते त्याच पाण्यात लाखो लोक मलमूत्र, राख आणि निर्माल्य सोडतात, आणि पाणी स्वभावतःच पवित्र आहे या श्रद्धेमुळे ते अस्वच्छ होऊ शकते हेच ध्यानात येत नाही. श्रद्धेनेच विवेकावर पडदा टाकल्याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रेतून पटकीच्या साथी वारंवार पसरत, आणि घरी परतणाऱ्या वारकऱ्याबरोबर प्रसादाच्या जोडीने रोगही गावी जाई. अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीकाठी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे, जेथील स्नानाने ऋणातून मुक्ती मिळते अशी समजूत आहे. यात्रेकरू तेथील चिखलात घसरून पडत असल्याचे पाहून डेबूजींनी स्वतःच्या कष्टाने तेथे घाटाचे काम हाती घेतले. सावकारी कर्जात जमीन गेलेली पाहिलेल्या माणसाने ऋणमोचनाच्या काठी उभे राहून कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, जत्रेत बोकड कापू नका, भांडी विकावी लागली तरी मुलांना शाळेत घाला, असे सांगितले, तेव्हा त्या क्षेत्राच्या नावाला प्रथमच ऐहिक अर्थ मिळाला. नदी, जनावर, माणसाचे आरोग्य आणि माणसाचे कर्ज हे त्यांच्या कीर्तनात वेगवेगळे विषय नव्हते, कारण गावात ते वेगवेगळे नसतात.

या सर्व विचारावर एक गंभीर आक्षेप घेता येतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. झाडूला पावित्र्य देण्याने झाडू वाहणाऱ्या जातींची सुटका होते, की त्यांची बेडी सोन्याची होते? गांधीजींनी 1936 मध्ये हरिजन या पत्रात सफाईकामाची थोरवी सांगून आदर्श भंग्याचे चित्र रेखाटले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अशा गौरवाची कठोर चिकित्सा केली, कारण ज्या कामाला जन्माने जखडले आहे त्या कामाचा गौरव म्हणजे त्या जखडण्याला लावलेला मुलामा, असा त्यांचा निष्कर्ष होता. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांचे त्याच वर्षीचे विवेचन येथे निर्णायक आहे. हा आक्षेप बरोबर आहे, आणि गाडगेबाबांचा खराटा त्याला पूर्णपणे उत्तर देतो असा दावा करता येणार नाही. मात्र दोन फरक नोंदवले पाहिजेत. पहिला असा की बाबांनी हे काम वरून खाली उतरून केले नाही. धुण्याचे, इतरांचा मळ काढण्याचे काम त्यांना जन्मानेच नेमून दिलेले होते, त्यांनी ते नेमून दिलेल्या मोबदल्याच्या आणि नेमून दिलेल्या घरांच्या चौकटीतून बाहेर काढले आणि सर्वांसमोर, सर्वांना लाज वाटेल अशा रीतीने केले. दुसरा असा की त्यांनी सफाई करणाऱ्यांना तुमचे काम थोर आहे, ते करत राहा, असे सांगितले नाही. त्यांनी त्यांना शिकायला सांगितले, आणि झाडण्याचे काम सवर्ण गावकऱ्यांच्या हाती दिले. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी हेच वेगळ्या मार्गाने केले; रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी सफाईचे काम हक्काने मागून घेतले आणि पुढे कणकवलीच्या आश्रमात सुधारित संडासांच्या प्रयोगांना वाहून घेतले, कारण मैला उचलावाच लागणार नाही अशी रचना केल्याखेरीज प्रश्न सुटत नाही हे त्यांनी ओळखले होते.

आंबेडकर आणि गाडगेबाबा यांचे परस्परसंबंध या संदर्भात बोलके आहेत. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना 1947 मध्ये साने गुरुजींच्या उपोषणानंतर खुले झाले, पण त्याच्या कितीतरी वर्षे आधी बाबांनी तेथे अस्पृश्य यात्रेकरूंसाठी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभी केली होती, आणि 1949 मध्ये ती वास्तू त्यांनी आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये बाबा मुंबईत आजारी असता तेव्हा केंद्रीय कायदामंत्री असलेले आंबेडकर त्यांना भेटायला गेले आणि कोणाकडून काही न घेणाऱ्या या माणसाने त्यांनी आणलेल्या दोन घोंगड्या स्वीकारल्या. एकाने धर्मांतराचा मार्ग धरला, दुसरा अखेरपर्यंत गोपालाचे नाव घेत राहिला, आणि तरीही यात्रेकरूंच्या निवाऱ्याचे रूपांतर विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात व्हावे यावर दोघांचे एकमत झाले. चोखामेळ्याला देवळाच्या पायरीशी थांबवणाऱ्या धर्माला दिलेले हे उत्तर आहे.

दुसरा आक्षेप विरुद्ध बाजूने येतो. देव दगडात नाही, तो भुकेल्याला अन्न देण्यात आणि तहानलेल्याला पाणी देण्यात आहे, असे म्हटल्यावर देवाची गरजच काय उरते, आणि गाडगेबाबांना समाजसुधारक न म्हणता संत का म्हणावे? काही बुद्धिवादी लेखक त्यांना म्हणूनच आपल्या पक्षात घेतात, आणि काही भाविक त्यांच्या टीकेतील धार बाजूला ठेवून त्यांची पूजा करतात. दोन्ही गट गजराकडे दुर्लक्ष करतात. नवस, सत्यनारायण, अंगात येणे, पशुबळी या सगळ्यांची रेवडी उडवणारा हा कीर्तनकार दर थोड्या वेळाने नामघोषाकडे परत येत असे, आणि हे परत येणे केवळ श्रोत्यांना धरून ठेवण्याची युक्ती होती असे मानायला त्यांच्या आयुष्यात आधार नाही. ज्याला लोकांच्या मान्यतेची पर्वा नव्हती त्याने एवढी एकच गोष्ट लोकांना आवडते म्हणून केली, हे संभवत नाही. त्यांच्या विचारात देव नाकारलेला नाही, देवाचा पत्ता बदललेला आहे. आणि नामघोषाचे कार्य तेथे असे दिसते की सेवा करणाऱ्याच्या मनात मी सेवा करतो हा जो अहंकार साठतो, जो बाहेरच्या घाणीपेक्षा काढायला कठीण असतो, तो त्या गजरात विरून जावा. खराट्याने जमीन निर्मळ होई आणि टाळाने झाडणारा. हे अंतर्बाह्य शौच आहे, आणि येथे ज्ञानेश्वरांच्या कापराची उपमा पुन्हा लागू पडते, फक्त हा कापूर उकिरड्यावर जळत होता.

20 डिसेंबर 1956 रोजी, आंबेडकरांच्या निर्वाणानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, अमरावतीकडे जात असता वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात गाडगेबाबांचे निधन झाले. त्यानंतरच्या काळात त्यांच्या वारशाची फाळणी झाली. शासनाने 2000-01 पासून त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान चालवले, ज्याने अनेक गावांचे रूप खरोखर पालटले, पण त्यात खराटा होता आणि कीर्तन नव्हते. कीर्तनकारांनी त्यांचे नाव घेतले, पण त्यांच्या हाती टाळ होता आणि खराटा नव्हता. जयंती-पुण्यतिथीला स्वच्छ रस्त्यावर झाडू धरून काढलेली छायाचित्रे ही या फाळणीची सर्वांत दुःखद खूण आहे. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, हाताने मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध 1993 मध्ये आणि पुन्हा 2013 मध्ये कायदे झाले, तरीही गटारात उतरलेली माणसे गुदमरून मरतात आणि ती कोणत्या जातींची असतात हे सर्वांना ठाऊक आहे. पंढरपूरच्या यात्रेनंतर मानवी मैला हाताने उचलला जातो, या गोष्टीवर मुंबई उच्च न्यायालयात याचिका लढवावी लागली, आणि तीही बाबा ते वाळवंट झाडत होते त्यानंतर कितीतरी दशकांनी. तेव्हा गाडगेबाबांच्या नावाने ज्याला खराटा हाती घ्यायचा असेल त्याने त्याआधी एक काम करावे: आपल्या गल्लीतले गटार कोण साफ करते हे शोधून काढावे, त्या माणसाला त्याचे नाव विचारावे, आणि त्याची मुले शाळेत जातात की नाही हे पाहून यावे.